सकाळची बीपीची गोळी घेऊनच या
(धमन्यांच्या ताठरपणाच्या तपासणीसाठी, म्हणजे पीडब्ल्यूव्हीसाठी येणाऱ्यांना)

हार्ट ॲटॅकनंतर डॉक्टरांनी ही तपासणी लिहून दिली की बरेच जण ती रक्ततपासणीसारखीच समजतात. उपाशीपोटी येतात आणि सकाळच्या गोळ्या घरीच ठेवतात. अपॉइंटमेंट वाया जाते ती इथे.

नाडीची लाट धमन्यांतून किती वेगाने धावते, ते आम्ही मोजतो. धमनी जितकी ताठर, तितका वेग जास्त. पण त्या वेळी बीपी चढलेला असेल, तर धमनीची भिंत ताणली जाते आणि वेग तेवढ्यापुरता वाढतो. मग औषधांवर असताना तुमची स्थिती काय, हे त्या आकड्यावरून कळत नाही. शिवाय मेटोप्रोलॉलसारखी गोळी ॲटॅकनंतर अचानक थांबवली तर ठोके वाढतात, छातीत दुखू शकते. तेव्हा बीपीच्या आणि हृदयाच्या गोळ्या नेहमीच्या वेळी घोटभर पाण्याबरोबर घ्या.

चहा, कॉफी, सिगारेट, तंबाखू ३ तास आधीपासून बंद. मिश्रीही तंबाखूच. हलका नाश्ता ३ तास आधी उरकून घ्या. त्याच दिवशी उपाशीपोटी शुगर द्यायची असेल तर रक्त आधी द्या, मग खा आणि ३ तासांनंतरचा नंबर आमच्याकडून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या व इन्सुलिन डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, खाण्याच्या वेळेला धरूनच.

“स्टेंट बसला, आता हे कशाला?” असे रोज कोणी ना कोणी विचारते. स्टेंट एका जागचा अडथळा मोकळा करतो, महाधमनीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीचा, ताठरपणा तसाच राहतो. लवचीक महाधमनी ठोक्याला फुगते आणि हृदय विसावले की आतले रक्त पुढे ढकलते. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः याच विसाव्यात. ताठर महाधमनीत वरचा दाब वाढतो, खालचा घसरतो. दुखावलेल्या हृदयावर ओझे वाढते आणि त्याचा स्वतःचा पुरवठा घटतो. ॲटॅकनंतर हृदयाची ताकद कमी झालेल्या २,२३१ रुग्णांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यात बीपीच्या दोन आकड्यांतले अंतर जितके जास्त, तितका पुन्हा ॲटॅकचा आणि मृत्यूचा धोका जास्त दिसला. हे अंतर घरच्या मशीनवरही काढता येते: १५०/७० असेल तर ८०.

ब्लॉकेज किती टक्के, हे मात्र यात दिसत नाही. अँजिओग्राफीला हा पर्याय नव्हे.

दोन्ही दंड आणि दोन्ही घोट्यांना पट्टे बांधण्याआधी आम्ही १० मिनिटे नुसते पडून राहायला सांगतो. “उगाच थांबवून ठेवतात” ही तक्रार कानावर येते, पण जिना चढून आल्या आल्या घेतलेला आकडा आम्ही छापत नाही. बोलू नका, झोपही लागू देऊ नका. दोनदा मोजतो, फरक जास्त पडला तर तिसऱ्यांदा. रिपोर्टवर त्या वेळचा बीपी असतो. पायाच्या धमन्यांत अडथळ्याची शंका असेल तर तीही याच पट्ट्यांवरून कळते. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

दुसरीकडचा रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरू नका. मान-जांघ पद्धतीत सेकंदाला १० मीटर ही धोक्याची रेषा धरतात. आमच्या दंड-घोटा पद्धतीत ती १८ मीटर आहे.

ठोके अनियमित असतील, हातात डायलिसिसचा फिस्टुला असेल किंवा पायाच्या धमनीत अडथळा असेल, तर नंबर लावतानाच सांगा. पुन्हा येताना मागचा रिपोर्ट आणा आणि शक्यतो तीच वेळ घ्या.