गारांनी झाड 'जळत' नाही, फुटतं

एप्रिल-मेचा वळीव पन्हाळ्याच्या बाजूनं दणकत आला आणि गारा पडल्या, की दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात एक सल्ला हमखास ऐकू येतो: "गारठ्यानं झाड जळतंय, कोमट पाणी घाला."

घालू नका. थंडीनं जळणं वेगळं. त्यात झाडाच्या आतलं पाणी गोठतं, आणि त्यासाठी बराच वेळ कडाक्याची थंडी लागते. मे महिन्यातल्या तापलेल्या अंगणात गार काही मिनिटांत विरघळते. खरं नुकसान माराचं असतं. अडीच सेंटीमीटरची, सुपारीएवढी गार ताशी 40 किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगानं आदळते. पानं फाटतात, साल सोलते, आणि त्या जखमांतून बुरशी-जिवाणू आत शिरतात. दोन-चार दिवसांनी कडा काळ्या पडतात, म्हणून ते जळाल्यासारखं दिसतं, एवढंच.

म्हणून बचाव उबेचा नको, आडोशाचा हवा. कुंड्या वळचणीला ओढा. रोपांवर बुट्टी किंवा बादली पालथी घाला, वर दगड ठेवायला विसरू नका, नाहीतर वाऱ्यानं बुट्टी शेजाऱ्याच्या दारात. जाळी बांधायची तर बांबूवर, ताणून, उतरती आणि पानांपासून फूटभर वर. थेट झाडावर टाकलेली जाळी माराला फारशी अडवत नाही.

मोडलेल्या फांद्या धारदार कात्रीनं साफ कापा, जखमांवर 1 टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) फवारा. अर्धवट फाटलेली पानं मात्र राहू द्या. नवी फूट येईपर्यंत झाडाला तीच पोसतात.