उंदीर चावला नाही, तरी लेप्टो होतो

‘उंदीर चावलाच नाही, मग लेप्टो कुठून होणार?’ मुंबईत पावसाळा आला की लेप्टोबद्दल, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराबद्दल, हे हमखास ऐकू येतं. भीती घुशीच्या दातांची; खरी भानगड तिच्या लघवीची. लेप्टोस्पायरा हे जिवाणू त्यातून तुंबलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या कातडीतून किंवा डोळ्या-तोंडातून शरीरात शिरतात. (कुत्री-गुरंही ते पसरवतात, सगळं खापर उंदरांवर नको.) २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली, ती अशीच पाण्यातून. ताप बहुधा ५ ते १४ दिवसांनी चढतो, तोवर ते पाणी कुणाच्या लक्षातही नसतं. पोटऱ्या ठणकत असतील, डोळे लाल झाले असतील, तर ‘तुंबलेल्या पाण्यातून चाललो होतो’ हे डॉक्टरांना आधी सांगा. प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन (हे एक प्रतिजैविक) अशा पाण्यातून चालल्यापासून ७२ तासांच्या आत घ्यायचं असतं, तेही त्यांनाच विचारून.