एक्स्पान्शन घ्यायच्या आधी, मॉड टाकायच्या आधी

आमच्याकडून गेमिंग कॉम्प्युटर घेतलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"गेम उघडतो आणि लगेच बंद पडतो. ग्राफिक्स कार्ड गेलं वाटतं." रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांचे असे फोन आम्हाला नेहमी येतात. मशीन आणून तपासलं की बहुतेक वेळा कार्ड ठणठणीत निघतं. बिघाड असतो तो जुळणीत: गेमचं व्हर्जन एक आणि त्यावर चढवलेले मॉड दुसऱ्याच व्हर्जनसाठी बनवलेले. काही जण तर नवीन कार्ड घ्यायच्या तयारीने आले होते. तुमचा तो खर्च वाचावा आणि महिनोन्‌महिने जपलेला खेळही वाया जाऊ नये, एवढ्यासाठी हे पत्रक लिहिलं आहे.

एक्स्पान्शन म्हणजे मूळ गेम बनवणाऱ्या कंपनीनेच काढलेली मोठी भर: नवा प्रदेश, नवी कथा, नवी शस्त्रं. ते विकत घ्यावं लागतं. मॉड म्हणजे गेम खेळणाऱ्या हौशी मंडळींनी केलेले बदल, आणि ते बहुतांशी फुकट असतात. डीएलसी (गेमसाठी वेगळी डाउनलोड करायची कुठलीही भर) हा शब्द मात्र फसवा आहे. २००६ साली 'ऑब्लिव्हियन' या गेमसाठी घोड्याचं चिलखत विकायला आलं, तेही डीएलसीच होतं. त्याच गेमचं 'शिव्हरिंग आइल्स' २००७ मध्ये आलं, त्यात अख्खा नवा मुलूख होता. तेव्हा नावावर जाऊ नका, आत काय मिळतंय त्याचं वर्णन वाचा.

खरेदी करताना

सर्वांत आधी आपल्याकडे कुठलं एडिशन आहे ते बघा. 'स्कायरिम'चंच उदाहरण घेऊ, कारण मॉडसाठी आमच्याकडे त्याचीच विचारणा अधिक होते. मूळ गेम नोव्हेंबर २०११ मध्ये आला. त्याची डॉनगार्ड, हार्थफायर आणि ड्रॅगनबॉर्न ही तीन एक्स्पान्शन वेगळी विकत घ्यावी लागत. २०१६ मध्ये स्पेशल एडिशन आलं, त्यात तिन्ही आधीपासूनच आहेत. म्हणजे स्पेशल एडिशन असेल तर यातलं काहीही वेगळं घ्यायची गरज नाही. २०२१ च्या ॲनिव्हर्सरी एडिशनमध्ये याशिवाय क्रिएशन क्लबमधल्या (कंपनीने विकायला ठेवलेल्या छोट्या भरींमधल्या) गोष्टींचा मोठा गठ्ठा येतो. तो हवाच असं नाही. फुकटच्या मॉडवर खेळायचं असेल तर त्यावाचून काही अडत नाही.

मूळ २०११ चा गेम ३२-बिटचा आहे, त्यामुळे तो ४ जीबीपेक्षा जास्त मेमरी वापरूच शकत नाही. तुमच्या मशीनमध्ये आम्ही कितीही रॅम बसवली तरी त्यात फरक पडत नाही. स्पेशल एडिशन ६४-बिटचं आहे. मॉड टाकायचे असतील तर आमचं स्पष्ट मत: स्पेशल एडिशनच घ्या. एकासाठीचे मॉड दुसऱ्यात जसेच्या तसे चालत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट, एक्स्पान्शन ज्या दुकानातून गेम घेतला तिथूनच घ्यायचं. स्टीमवरच्या गेमला दुसऱ्या ऑनलाइन दुकानातलं एक्स्पान्शन जोडलं जात नाही, आणि कॉम्प्युटरवरची खरेदी सहसा कन्सोलवर जात नाही. प्लेस्टेशनवर डिस्क वापरत असाल तर डिस्क आणि एक्स्पान्शन एकाच रीजनचं हवं.

तिसरी गोष्ट विचारायला लोक विसरतात: आपण खेळात तिथवर पोचलो आहोत का? 'एल्डन रिंग'चं 'शॅडो ऑफ द एर्डट्री' विकत घेतलं म्हणून लगेच आत जाता येत नाही. आधी राडान आणि मोग या दोघांना हरवावं लागतं, आणि मोगपर्यंत पोचायलाच बराच खेळ व्हावा लागतो. घाई नसेल तर तिथे पोचल्यावर घ्या.

चुकून भलतंच घेतलं तर पैसे परत मिळू शकतात. स्टीमवर सर्वसाधारण नियम असा, की खरेदीला १४ दिवस झालेले नसावेत आणि डीएलसी घेतल्यापासून मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा. त्यामुळे घेतल्या घेतल्या उघडून बघा, आठवडाभर तसंच ठेवू नका.

मॉड टाकताना

आता मुख्य मुद्दा. गेमचं एडिशन वेगळं आणि व्हर्जन वेगळं. व्हर्जन म्हणजे १.५.९७ किंवा १.६.११७० असा आकडा. तो बघायला गेमच्या फोल्डरमधल्या मुख्य एक्झी फाइलवर राइट-क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये जा, तिथे डिटेल्समध्ये तो दिसेल. हा आकडा कागदावर लिहून ठेवा. स्कायरिमचे कित्येक मॉड एसकेएसई नावाच्या एका जोडप्रोग्रॅमवर उभे असतात, आणि एसकेएसई गेमच्या नेमक्या त्याच व्हर्जनचं लागतं. रात्री गेम आपोआप अपडेट झाला की सकाळी ही साखळी तुटते. तुम्ही काहीच चुकीचं केलेलं नसतं, तरी गेम उघडत नाही. एप्रिल २०२४ मध्ये 'फॉलआउट ४'ला बऱ्याच वर्षांनी मोठं अपडेट आलं तेव्हा असंच झालं, आणि डिसेंबर २०२२ च्या अपडेटनंतर 'विचर ३'चेही अनेक मॉड बंद पडले होते.

यावर उपाय सोपा आहे. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये अपडेट्स या भागात 'गेम सुरू करताना तेवढं अपडेट कर' असा पर्याय आहे, तो निवडा. आणि एसकेएसई टाकल्यावर गेम स्टीमच्या प्ले बटणाने सुरू करू नका, एसकेएसईच्या लोडरनेच करा. प्ले बटणाने सुरू केलात तर ते मॉड जागेच होत नाहीत. मेनूतल्या शब्दांपुढे डॉलरचं चिन्ह दिसायला लागलं, तर बहुधा हेच झालेलं असतं.

गेम 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरमध्ये ठेवू नका. विंडोज तिथल्या फायलींना हात लावू देत नाही, आणि मॉड अर्धवट बसतात. आमच्याकडून मशीन नेताना सांगितलंत तर आम्ही दुसऱ्या ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करून देतो.

मॉड हाताने फोल्डरमध्ये कॉपी करू नका. मॉड ऑर्गनायझर २ किंवा व्होर्टेक्स यांपैकी एक मॅनेजर वापरा. आम्ही पहिल्याची शिफारस करतो, कारण तो मॉड वेगळ्या जागी ठेवतो आणि गेमला ते फक्त चालू असताना दाखवतो. मूळ फोल्डर स्वच्छ राहतं. काही बिनसलं तर टिक काढायची, बस.

एका वेळी एकच मॉड टाका, गेम सुरू करा, दहा मिनिटं चालून-फिरून या, मग पुढचा. पन्नास मॉड एकदम टाकले तर त्यातला कुठला नडतोय ते शोधण्यात आख्खा रविवार जातो. हे आम्ही ग्राहकांच्या मशीनवर बसून अनुभवलेलं आहे.

काय बिघडलंय ते गेम स्वतःच सांगत असतो, ते ओळखायला शिका. भिंत किंवा कपडा जांभळा भडक दिसला, तर त्याचं टेक्स्चर (पृष्ठभागावरचं चित्र) सापडत नाहीये. लाल त्रिकोणात उद्गारचिन्ह दिसलं, तर त्या वस्तूचा आकारच गायब आहे. गावातल्या एखाद्या बाईचं अंग गोरं आणि चेहरा मात्र काळवंडलेला दिसला, तर दोन मॉडनी तिच्यात बदल केलाय: तिची माहिती एका मॉडची आणि चेहऱ्याची फाइल दुसऱ्याची. यातलं काहीही ग्राफिक्स कार्डाचं दुखणं नाही. लोड ऑर्डरमध्ये (गेम मॉड ज्या क्रमाने उघडतो त्या यादीत) जो मॉड खाली असतो त्याची माहिती लागू होते, म्हणून क्रम महत्त्वाचा. लूट नावाचं फुकट साधन तो बऱ्यापैकी लावून देतं, पण मॉडच्या पानावर लेखकाने क्रमाबद्दल काही लिहिलं असेल तर ते आधी माना.

आणि सगळ्यात कळकळीची विनंती: खेळ मध्यावर असताना स्क्रिप्ट (खेळात मागे चालणारा छोटा प्रोग्रॅम) असलेला मॉड काढू नका. अशा मॉडच्या खुणा तुमच्या सेव्ह फाइलमध्ये रुजलेल्या असतात. मॉड काढला तरी त्या तिथे राहतात, आणि पुढे कधीतरी सेव्ह उघडेनासा होतो. एक ग्राहक १२० तासांचा खेळ घेऊन आले होते. त्यांनी घरांचा एक मॉड कंटाळा आला म्हणून काढला होता. तोच मॉड, तेच व्हर्जन शोधून परत टाकल्यावर सेव्ह उघडला. ते व्हर्जन मिळालं नसतं तर आमच्या हातात काही नव्हतं. नुसते रंग किंवा कपडे बदलणारे मॉड काढले तर सहसा त्रास होत नाही.

ऑनलाइन खेळायच्या गेममध्ये मॉड टाकू नका. अँटी-चीट प्रणालीने पकडलं तर खातं बंद होऊ शकतं. मॉड डाउनलोड करताना 'अँटिव्हायरस बंद करा' असं कुणी सांगत असेल, तर तिथून काहीही घेऊ नका.

कन्सोलवर मुभा कमी आहे. प्लेस्टेशनवर स्कायरिमच्या मॉडना बाहेरून आणलेली चित्रं, आवाज किंवा आकार वापरता येत नाहीत, निन्टेन्डो स्विचवर तर मॉडची सोयच नाही. याउलट 'बॉल्डर्स गेट ३'मध्ये २०२४ पासून गेमच्या आतच मॉड मॅनेजर आहे. मॉड पहिल्यांदाच वापरत असाल तर तिथून सुरुवात करणं सोपं जाईल.

आम्हाला फोन करण्याआधी

सेव्हचं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करून घ्या. मग सगळे मॉड बंद करून नवा खेळ सुरू करून बघा. तो नीट चालला तर मशीन आणायची गरज नाही. गेमचं व्हर्जन, मॉडची यादी त्याच क्रमाने आणि शेवटी टाकलेल्या मॉडचं नाव एवढं आम्हाला पाठवा, आम्ही फोनवरच बघतो. मॉड बंद असतानाही गेम बंद पडत असेल, तर मात्र वाट न बघता मशीन घेऊन या.