कळपातल्या सगळ्या मेंढ्यांना जंताचं औषध पाजू नका

जंताचं औषध पाजून पंधरा दिवस झाले तरी मेंढ्या खंगतच चालल्यात, जबड्याखाली पाणी उतरतंय, मग आपण म्हणतो औषध डुप्लिकेट निघालं. कधी कधी तसं असेलही, पण बऱ्याचदा औषध चांगलंच असतं, जंतच आता त्याला दाद देत नाहीत.

हिमोंकस नावाचा हा जंत मेंढीच्या चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिली, म्हणजे पोटात पाच हजार जंत असले तर रोजचं पाव लिटर रक्त गेलं, मेंढी टिकणार कशी? त्यात एकेक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते, ती लेंड्यांतून कुरणावर पडतात आणि पावसाळ्यात आठवड्याभरात त्यातल्या अळ्या गवतावर चढून तयार असतात.

आता इतक्या जंतांमध्ये दोनचार असे असतातच की ज्यांच्या जनुकातल्या बारीकशा बदलामुळे औषध त्यांना लागूच पडत नाही. अख्ख्या कळपाला एकदम औषध पाजलं की बाकीचे मरतात, हे उरतात आणि पुढचे काही दिवस कुरणावर फक्त यांचीच अंडी पडतात. थायाबेंडाझोल हे जंताचं औषध 1961 ला आलं आणि 1964 मध्येच त्याला न जुमानणारे जंत सापडले! आपल्याकडे लोक अल्बेंडाझोल चालेना म्हणून फेनबेंडाझोल आणतात, पण दोन्ही एकाच गटातली, एकाला सरावलेला जंत सहसा दुसऱ्यालाही सरावलेला असतो. बाटलीवरचं नाव बदलून काही होत नाही, गट बदलला का ते डॉक्टरांना विचारा.

मग करायचं काय? माझं स्पष्ट मत आहे की काही मेंढ्यांना औषध पाजायचंच नाही. ऐकायला उलटं वाटतं, पण कळपातले बहुतेक जंत थोड्याच मेंढ्यांच्या पोटात असतात, बाकीच्या थोडेफार जंत सोसून धडधाकट राहतात. त्यांच्या लेंड्यांतून औषधाला बळी पडणाऱ्या जंतांची अंडी कुरणावर पडत राहतात, त्यांचा चिवट जंतांशी संकर होत राहतो आणि औषध जास्त वर्षं चालतं.

कुणाला पाजायचं हे ओळखायला दक्षिण आफ्रिकेतल्या फाफा मालान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फामाचा नावाचा रंगांचा तक्ता काढला, मला तर हे फार मोठं काम वाटतं कारण त्याला ना लॅब लागते ना वीज. उघड्यावर, चांगल्या उजेडात मेंढीची वरची पापणी हलकेच दाबायची, खालची ओढायची आणि आतला रंग लगेच तक्त्याशी ताडून बघायचा. लालबुंद असेल तर 1, पांढराफटक असेल तर 5. 4 आणि 5 ला औषध द्यायचंच, 3 वाली कोकरू, गाभण किंवा दूध पाजणारी असेल तर तिलाही. भर पावसाळ्यात हे दर एकदोन आठवड्यांनी करावं लागतं. आणि एक लक्षात ठेवा, हा तक्ता हिमोंकसपुरताच आहे, लिव्हर फ्लूकनेही, म्हणजे यकृतातल्या चपट्या जंतानेही, पापणी पांढरी पडते.

डोस अंदाजाने देऊ नका, वजन करून द्या, कमी डोस म्हणजे जंतांना सरावच. औषध चालतंय का याची शंका असेल तर पाजण्याआधी आणि नंतर 14 दिवसांनी त्याच मेंढ्यांच्या लेंड्या तपासायला द्या, अंडी निदान 95 टक्के कमी व्हायला हवीत. बाजारातून नवीन नग आणले तर ते आधी वेगळे बांधा, डोस द्या, लेंड्या तपासून रिपोर्ट चांगला आला की मगच कळपात सोडा, कारण चिवट जंत बऱ्याचदा असे विकतच घेतले जातात.