बोलावलेले वक्ते, मागवलेले प्रस्ताव

मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याची संहिता कोणालाही वाचता-बदलता येते अशा सॉफ्टवेअरच्या, परिषदांच्या वर्तुळात 'सीएफपी उघडली' असे म्हटले की वक्त्यांची निवड सुरू झाली, एवढे सगळ्यांना कळते. त्यातील 'पी' हे अक्षर कशाचे, याची उत्तरे मात्र वेगवेगळी मिळतात. मूळ शब्द 'पेपर': 'कॉल फॉर पेपर्स', म्हणजे निबंध पाठवण्याचे आवाहन. या परिषदांची घडण विद्यापीठीय चर्चासत्रांच्या वळणावर झाली. १९९४ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीची परिषद भरली, ती विद्वानांच्या सभेच्याच थाटाच्या नावाने, आणि १९९९ पासून कॅनडातील ओटावा येथे भरू लागलेल्या लिनक्स सिम्पोझियमचे वक्ते तर खरोखरच निबंध लिहीत व त्यांचे जाडजूड खंड निघत. पुढे निबंध गळाले आणि अक्षर उरले. आता कोणी त्याचा अर्थ 'प्रपोजल' असा लावतो, कोणी 'पार्टिसिपेशन' असा.

हा नुसता शब्दाचा फरक नव्हे. निबंध वाचून तपासता येतो, तर प्रस्ताव म्हणजे पुढे करावयाच्या भाषणाचे दोन-तीनशे शब्दांतले आश्वासन. निवड समितीला त्या तेवढ्या मजकुरावरून न झालेल्या भाषणाचा अंदाज बांधावा लागतो, आणि पुढच्या बहुतेक भांडणांचे मूळ या अंदाजात आहे.

आपल्याकडील व्याख्यानमालेत वक्ता बोलावला जातो. त्याला पत्र जाते, तारीख ठरते, येण्याजाण्याची सोय होते आणि शेवटी शाल-श्रीफळ. मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेत एवढा मान सहसा बीजभाषण करणाऱ्यालाच मिळतो. बाकीचे वक्ते स्वतः अर्ज करतात, आणि निवड झाली तरी प्रवासाचा खर्च पुष्कळदा त्यांचा स्वतःचा किंवा त्यांच्या कंपनीचा असतो. ब्रसेल्समध्ये २००१ पासून भरणाऱ्या फॉस्डेम या मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेत प्रवेश विनामूल्य आणि नोंदणीही नाही. तेथे 'डेव्हरूम' नावाची व्यवस्था आहे, म्हणजे एखाद्या प्रकल्पाच्या मंडळींना एक खोली मिळते आणि तिच्यातील वक्ते तीच मंडळी निवडतात. बंगळुरूमध्ये २००१ साली 'लिनक्स बंगलोर' या नावाने सुरू झालेली आणि २००५ पासून 'फॉस डॉट इन' म्हणून ओळखली गेलेली परिषद तर पुढे भाषणांवरच रुसली. ओळख करून देणारी भाषणे पुरे झाली, ज्यांनी प्रकल्पात प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी यावे आणि इतरांना सोबत घेऊन काम करावे, अशा विचाराने तेथे 'वर्कआउट' सुरू झाले. नवख्या विद्यार्थ्यांना ते कठोर वाटले असेल, पण श्रोत्यांची गर्दी आणि योगदान यांतला फरक इतक्या स्पष्टपणे मांडणारी परिषद आपल्याकडे दुसरी क्वचितच झाली.

खरा वाद पेटला तो २०१० नंतर, प्रस्तावांवरील नावे झाकण्यावरून. व्यासपीठावर त्याच त्या ओळखीच्या पुरुषांची रांग दिसते, ही तक्रार जुनी होती. उपाय म्हणून समीक्षकांना केवळ शीर्षक आणि सारांश दाखवायचा, नाव, कंपनी व परिचय लपवायचा, अशी पद्धत पुढे आली. बर्लिनच्या जेएसकॉन्फ ईयू या जावास्क्रिप्ट संगणकभाषेच्या परिषदेत २०१२ साली वक्त्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण २५ टक्के झाले, तेव्हा या पद्धतीचा मोठा बोलबाला झाला. त्या यशात दोन गोष्टी होत्या: नावे तर झाकली होतीच, पण त्याआधी आयोजकांनी स्त्रियांशी स्वतःहून संपर्क साधून प्रस्ताव पाठवण्याचा आग्रह धरला होता. पहिली गोष्ट सॉफ्टवेअरमध्ये एक खूण करून साधते आणि दुसरीसाठी महिनोन्महिने पत्रे लिहावी लागतात. अनेकांनी पहिलीच उचलली, यात नवल नाही.

याचा हिशेब २०१७ साली पुढे आला. इलेक्ट्रॉन या मुक्तस्रोत साधनाची 'इलेक्ट्रॉनकॉन्फ' ही परिषद ठरली होती. नावे झाकून निवड केली आणि यादी उघडली तेव्हा तिच्यात सगळे पुरुष निघाले. यजमान कंपनीने परिषदच पुढे ढकलली. एका बाजूचे म्हणणे असे की नियम आधी मान्य केले होते, ते पाळले गेले, आणि निकाल आवडला नाही म्हणून डाव मोडणे हा निवडलेल्यांवर अन्याय आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की ज्यांनी अर्जच केला नाही त्यांना झाकलेली चाळणी कशी निवडणार? त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेच्या कोलोरॅडोतील लॅम्ब्डाकॉन्फ या प्रोग्रॅमिंगच्या परिषदेत उलट पेच पडला होता. तेथे झाकल्या नावांनी निवडलेला एक वक्ता त्याच्या राजकीय लेखनामुळे अनेकांना नकोसा निघाला. आयोजकांनी निवड कायम ठेवली आणि काही प्रायोजक व वक्ते बाहेर पडले.

दोन्ही बाजूंत तथ्य असले तरी मुक्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत नावे झाकण्याची एक वेगळीच अडचण आहे, आणि ती पुरेशी बोलली जात नाही. येथील काम उघड्यावर चालते. कोणता बदल कोणी केला, त्यावर कोणी काय हरकत घेतली, हे सारे नावानिशी नोंदलेले असते आणि तीच वक्त्याची पात्रता असते. समीक्षकासमोर प्रस्ताव उघडतो, नावाच्या जागी कोरी चौकट असते आणि सारांशाची पहिलीच ओळ म्हणते, 'मी गेली सहा वर्षे अमुक सॉफ्टवेअर लायब्ररीची देखभाल करतो आहे.' मग झाकले काय? ती ओळ काढायला लावली, तर उरते ती फक्त प्रस्ताव लिहिण्याची हातोटी, आणि ती सफाईदार इंग्रजी लिहिणाऱ्याकडे, परिषदांचा सराव असलेल्याकडे झुकते. पुण्यातून किंवा कोल्हापुरातून पहिल्यांदा अर्ज करणारा येथे नाव झाकले जाऊनही मागे पडतो. पायथॉन संगणकभाषेच्या अमेरिकेतील पायकॉन या परिषदेने पहिल्या फेरीत नावे झाकून पुढे ती उघडण्याचा मधला मार्ग काढला, तो त्यातल्या त्यात शहाणपणाचा वाटतो. आज अनेक परिषदांत वापरल्या जाणाऱ्या प्रीटॉल्क्स या मुक्तस्रोत प्रणालीतही नाव झाकण्याची सोय आहे. ती वापरायची की नाही हे मात्र समितीने ठरवायचे.

अलीकडे प्रश्न पुन्हा व्यासपीठाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे बड्या नावांकडे, गेला आहे. फॉस्डेमच्या २०२५ च्या मुख्य कार्यक्रमात एका अब्जाधीश उद्योजकाचे भाषण जाहीर झाले, तेव्हा एका मुक्त सॉफ्टवेअर विकासकाने सभागृहात ठिय्या देण्याची हाक दिली. पैशाच्या बळावर व्यासपीठ मिळाल्याच्या शंकेवर, प्रायोजकत्वाचा भाषणांच्या निवडीशी संबंध नसतो, असे आयोजकांनी निवेदन काढून सांगितले. शेवटी ते भाषण कार्यक्रमातून निघाले.

निमंत्रणाचा आणखी एक अर्थ युरोपातील आयोजकांना क्वचितच जाणवतो. भारतातून जाणारा वक्ता खुल्या आवाहनातून निवडला गेला असला तरी व्हिसाच्या अर्जाला त्याला निमंत्रणपत्र जोडावे लागते. फॉस्डेमच्या खोल्यांचे होकार साधारण डिसेंबरात येतात आणि परिषद जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी असते. मधल्या नाताळाच्या सुट्ट्या वजा जाता भेटीची वेळ मिळवणे, बँकेची विवरणपत्रे गोळा करणे आणि बोटांचे ठसे देणे यांसाठी हाती जेमतेम महिना उरतो, आणि ज्याला कोणी बोलावलेले नाही, ज्याने स्वतःच अर्ज केला होता, त्याच्या हातात त्या काळात 'आपणांस सादर निमंत्रित करीत आहोत' असे पत्र असते.