‘लॅरी पी.’ खटल्यामागचा इतिहास

अमेरिकेत कृष्णवर्णीय मुले आणि विशेष शिक्षण हा विषय निघाला की ‘लॅरी पी.’ खटल्याचे नाव येतेच. बुद्ध्यांक चाचणीच्या जोरावर कृष्णवर्णीय मुलांना मतिमंदांच्या वर्गांत घालण्याविरुद्ध १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तो दाखल झाला (‘लॅरी पी.’ हे फिर्यादी मुलाचे टोपणनाव), तेव्हा शहरातल्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुले २८.५ टक्के होती. ‘शिक्षणक्षम मतिमंद’ (सौम्य बौद्धिक अक्षमतेसाठी तेव्हा वापरला जाणारा शिक्का) मुलांच्या वर्गांत मात्र ६६ टक्के.

मागे पडणाऱ्या मुलाचे नाव शिक्षक सुचवत, मानसशास्त्रज्ञ चाचणी घेत आणि बुद्ध्यांक ७५ च्या खाली आला की मुलाची रवानगी वेगळ्या वर्गात होई. इतर बाबीही तपासाव्यात असे कायदा सांगत होता, पण निकाल आकड्यावरच लागे. या वर्गांत नेहमीचा अभ्यासक्रम नसे, त्यामुळे मूल जितके दिवस तिथे राही तितका परतीचा रस्ता बंद होत जाई.

फिर्यादी मुलांची कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी त्याच चाचण्यांवर फेरतपासणी केली. आधी मुलांची भीड मोडली, प्रश्न त्यांच्या ओळखीच्या शब्दांत विचारले, चाकोरीबाहेरच्या पण समंजस उत्तरांनाही गुण दिले. सगळी मुले ७५ च्या बरीच वर गेली.

दोष चाचणीच्या घडणीतच होता. १९४९ ची वेक्सलर ही बुद्ध्यांक चाचणी २,२०० मुलांवर प्रमाणित झाली, म्हणजे त्यांच्या गुणांवरून सरासरी ठरली, आणि ती सगळी गोरी होती. स्टॅनफर्ड-बिने या दुसऱ्या बुद्ध्यांक चाचणीच्या जुन्या आवृत्त्यांचेही तेच (आपल्याकडची बिने-कामत याच घराण्यातली). ‘आपल्याहून खूप लहान मुलगा मारामारीवर आला तर काय कराल?’ अशा प्रश्नाचे ‘बरोबर’ उत्तर घरच्या आणि गल्लीतल्या वळणावर ठरते. खटल्याचे न्यायमूर्ती रॉबर्ट पेकहॅम यांनी नेमके बोट ठेवले ते वेगळ्याच जागी: मुलगे-मुलींच्या गुणांत फरक पडू नये म्हणून चाचणीकारांनी प्रश्न बदलले होते, वंशाच्या बाबतीत ही तसदी कोणी घेतली नाही. माझ्या मते निकालपत्रातला हाच सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

दरम्यान १९७५ च्या संघीय कायद्याने भेदभावरहित चाचण्या आणि एकाच निकषावर निर्णय न घेणे बंधनकारक केले होते. १९७९ मध्ये पेकहॅम यांनी अशा वर्गांत घालण्यासाठी कृष्णवर्णीय मुलांच्या बुद्ध्यांक चाचणीवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी शिकागोतल्या खटल्यात न्यायमूर्ती ग्रेडी यांनी एकेक प्रश्न तपासून उलट, म्हणजे चाचण्यांच्या बाजूने निकाल दिला. कॅलिफोर्नियात १९८६ मध्ये बंदी सर्व विशेष शिक्षणाला लागू झाली. तेव्हा काही कृष्णवर्णीय पालकच आपल्या मुलांना चाचणी हवी म्हणून कोर्टात गेले आणि १९९४ मध्ये अपिलातही जिंकले.

चाचणीला चाप बसला, पण पहिली पायरी, म्हणजे शिक्षकाने नाव सुचवणे, तशीच राहिली. म्हणून २००४ च्या कायद्याने, जिथे वांशिक तफावत लक्षणीय असेल तिथे विशेष शिक्षणाच्या संघीय निधीतले १५ टक्के मुलांना वेळीच मदत देण्यासाठी राखून ठेवायला लावले. २०१६ च्या नियमांनी ही तफावत मोजण्याची पद्धत एकसारखी केली. किती पट तफावतीला ‘लक्षणीय’ म्हणायचे, ते मात्र अजून प्रत्येक राज्यच ठरवते.