तातार-बाश्कीर घरातलं तान्हं बाळ : रीतींमागचा इतिहास

तातार आणि बाश्कीर म्हणजे रशियात व्होल्गा नदी आणि उरल पर्वताच्या पट्ट्यात राहणारे, बहुतांशी मुसलमान असलेले तुर्की वंशाचे समाज. त्यांच्या खेड्यांतल्या बाळंतपणाच्या रीतींबद्दल वाचायला घेतलं की आधी समोर येतात त्या जरा विचित्र वाटणाऱ्या गोष्टी, म्हणजे बाळाचा पहिला सदरा कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा, बाळ खिडकीतून विकायचं आणि परत विकत घ्यायचं, उशाखाली कात्री ठेवायची वगैरे. या सगळ्या खऱ्या आहेत आणि पुढे येतीलच, पण त्याआधी मला काही आकडे सांगायचेत, कारण ते कळले की या रीतींकडे नुसती गंमत म्हणून बघता येत नाही.

1896-97 च्या आसपासच्या रशियन साम्राज्याच्या नोंदींवरून युक्रेनचा लोकसंख्याशास्त्रज्ञ मिखाइलो प्तुखा याने नंतर, 1920 च्या दशकात, वेगवेगळ्या समाजांचं सरासरी आयुर्मान काढलं. रशियन लोकांचं आलं पुरुष 27.5 वर्षं, बायका 29.8. तातारांचं 34.6 आणि 35.1. आणि बाश्कीरांचं 37.2 आणि 37.3. आता हे वाचताना लक्षात ठेवा की बाश्कीर म्हणजे त्या काळात साम्राज्यातल्या अगदी गरीब लोकांमध्ये मोडणारे, जमिनी हातच्या गेलेल्या, डॉक्टर आणि दवाखाने जवळपास नाहीतच, तरीही त्यांचं आयुर्मान रशियन लोकांपेक्षा साडेसात ते जवळपास दहा वर्षांनी जास्त. नोंदींमध्ये थोडी गळती धरली तरी फरक मोठाच राहतो. आणि आयुर्मान तीसच्या खाली येतं म्हणजे लोक तिशीत म्हातारे होऊन मरत होते असं नाही, तर पहिल्या वर्षातच इतकी बाळं जात होती की सरासरी खाली ओढली जायची. युरोपीय रशियात त्या काळी जन्मलेल्या चार बाळांतलं एक तरी वर्षाच्या आत जायचं, आणि सगळ्यात जास्त उन्हाळ्यात, हगवणीने.

मग तातार-बाश्कीर बाळं जास्त का जगायची? याचं उत्तर त्या काळच्या डॉक्टरांनाही माहीत होतं आणि ते अगदी साधं आहे, आईचं दूध. रशियन खेड्यात कापणीच्या दिवसांत आई पहाटे शेतावर जायची, बाळ आजीकडे नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे, आणि तोंडात चावलेल्या भाकरीची कापडात बांधलेली पुरचुंडी, जी उन्हात तासातासाने आंबत जायची. तातार घरात अशी पुरचुंडी अजिबात नव्हती असं नाही, होती, पण मुख्य अन्न अंगावरचं दूध आणि तेही बराच काळ. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात आयांनी दोन पूर्ण वर्षं पाजावं असं सांगितलंय आणि गावोगाव मुल्ला हे सांगत होते, म्हणजे जी गोष्ट पुढे आरोग्यखात्याने पोस्टर लावून सांगितली ती इथे धर्माच्या वाटेने आधीच घरात पोचलेली होती.

हा धर्म इथे आला कसा, ते थोडक्यात. व्होल्गा आणि कामा नद्यांच्या संगमाजवळ बुल्गार लोकांचं राज्य होतं, त्यांच्या राजाच्या बोलावण्यावरून 922 मध्ये बगदादच्या खलिफाचं शिष्टमंडळ तिथे पोचलं आणि त्यात इब्न फदलान होता, ज्याने सगळं लिहून ठेवलं. त्याने टिपलेली एक गोष्ट आपल्या विषयाचीच आहे, की मुलाला मुलगा झाला की बापाऐवजी आजोबा त्याला आपल्याकडे घेतो आणि म्हणतो, हा मोठा होईपर्यंत याच्यावर माझा हक्क जास्त. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही या भागात बाळ एकट्या आईबापाचं नव्हतं. पुढे मंगोल आले, कझानला खानांचं राज्य झालं, 1552 मध्ये रशियाचा झार इव्हान द टेरिबल याने कझान घेतलं, त्याच दशकात बाश्कीर टोळ्याही मॉस्कोच्या अंमलाखाली आल्या. या सगळ्यात जुन्या तुर्की समजुती गेल्या नाहीत, त्यांच्यावर इस्लामचा थर बसला, आणि दोन्ही एकाच घरात सुखाने नांदले. सक्तीने किंवा कसेही ख्रिस्ती झालेले जे तातार आहेत, क्र्याशेन, त्यांच्याकडे बाप्तिस्मा चर्चमध्ये व्हायचा पण घरातल्या बऱ्याच रीती शेजारच्या मुसलमान तातारांसारख्याच राहिल्या.

बाळंतपण करायची ती केंदेक अॅबी, म्हणजे गावातली म्हातारी सुईण, नाळ कापणारी आजी. बाश्कीर तिला नाळेची आई म्हणतात. तिचं नातं त्या दिवसापुरतं नसायचं, बाळ मोठं होऊन लग्न होईपर्यंत तिला मान, तिला कापड, तिला आमंत्रण. बाळंतपण घरात किंवा बऱ्याचदा मुंचात व्हायचं, मुंचा म्हणजे अंगणातली लाकडी वाफेची न्हाणी. बाहेर उणे वीस-तीस डिग्री थंडी असताना गावात सगळ्यात उबदार, गरम पाण्याची आणि खाजगी जागा तीच, त्यामुळे यात गूढ काही शोधायला नको. नंतर काही दिवस आईला आणि बाळाला तिथे नेऊन शेकायचं, बर्चच्या पानांच्या मऊ जुडीने हलकेच अंग चोळायचं, आणि हे करताना सुईण बाळाला उद्देशून आशीर्वादाच्या ओळी म्हणायची. वार मात्र कुठेही टाकून द्यायची नाही, धुऊन स्वच्छ कापडात गुंडाळून कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी पुरायची.

दूध पाजायच्या आधी बाळाच्या तोंडाला लोणी आणि मध लावायची रीत होती, आवझलांदिरू. अरबस्तानात यासाठी खजूर चावून लावतात, पण व्होल्गाकाठी खजूर कुठून येणार, तिथे लिंडनच्या झाडांची जंगलं आणि जंगलातला मध. बाश्कीर तर झाडाच्या खोडात पोकळी कोरून रानटी मधमाश्या राखणारे लोक, बाश्कीरांच्या बुर्झियान भागात हे आजही चालतं. तेव्हा धर्मातली रीत आली आणि तिने स्थानिक मध उचलला. इथे एक स्पष्ट सांगायलाच हवं, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यात बॉटुलिझमचे जंतू असू शकतात आणि तान्ह्या आतड्याला ते झेपत नाहीत. रीत समजून घेणं वेगळं आणि तशीच्या तशी करणं वेगळं.

मग इसेम कुशू, नाव ठेवणं. मुल्ला घरी येतो, बाळाला उशीवर काब्याच्या दिशेला डोकं करून ठेवतात, अजान म्हटली जाते आणि बाळाच्या कानात तीनदा सांगितलं जातं की तुझं नाव अमुक. त्यानंतर खाणं, बॅबी आशी, बाळाच्या नावाचं जेवण. आदल्या काही दिवसांत शेजारपाजारच्या बायका आळीपाळीने बाळंतिणीसाठी शिजवलेलं घेऊन येतात, धिरड्यांसारखे कोयमाक, सारण भरून भाजलेलं बॅलेश, मधात घोळलेलं चकचक, आणि खास म्हणजे अॅल्बॅ, लोण्यात खरपूस भाजलेलं पीठ आणि मध. मला यातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच वाटते, की नुकतीच बाळंत झालेली बाई चुलीपाशी जाऊ नये याची सोय अख्ख्या गल्लीने मिळून केलेली होती आणि ती कुणाच्या मर्जीवर नव्हती, रिवाजच होता.

नावाच्या बाबतीत सरकारही यात आलं. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिच्या 1788 च्या हुकमाने मुसलमानांसाठी धार्मिक मंडळ निघालं, ते बाश्कीर भागातल्या उफा शहरात सुरू झालं, आणि 1828 पासून मुल्लांना जन्म, लग्न, मृत्यूची रजिस्टरं ठेवणं बंधनकारक झालं. म्हणजे कानात नाव सांगणारा माणूसच ते अरबी लिपीत वहीत लिहिणारा. आज तातार-बाश्कीर लोक आपला वंश शोधताना ज्या वह्या चाळतात त्या याच.

आता ते चाळीस दिवस. समजूत अशी की पहिले चाळीस दिवस बाळ या जगात पक्कं बसलेलं नसतं, वाईट शक्ती येऊन त्याला बदलून दुसरं ठेवू शकतात, म्हणून बाळाला एकटं सोडायचं नाही, रात्री दिवा विझवायचा नाही, पाळण्यात लोखंड ठेवायचं, कात्री किंवा सुरी, सोबत कुराणातल्या आयतींचा ताईत. भुतांवर विश्वास ठेवा न ठेवा, परिणाम काय झाला ते बघा, बाळंतीण आणि बाळ दोघंही महिना-सव्वा महिना सतत कुणाच्या तरी नजरेखाली. ताप आला, रक्तस्राव झाला, बाळ पीत नाही, तर ते लगेच कळणार.

या दिवसांत बाळाच्या अंगावर असायचा एत कुलमॅगे, कुत्र्याचा सदरा. नव्या कापडाचा नाही, घरातल्या म्हाताऱ्या, दीर्घायुषी माणसाच्या जुन्या मऊ कपड्याचा, म्हणजे त्याचं आयुष्य बाळाला लागावं. चाळीस दिवस झाले की तो कुत्र्याच्या गळ्यात बांधून कुत्र्याला पळवायचं, बाळाचे सगळे आजार घेऊन जा म्हणून. आणि कुत्रंच का, तर ते काटक, उघड्यावर, हिवाळ्यातही जगणारं. कझान विद्यापीठाचा डॉक्टर कार्ल फुक्स, ज्याचं तातार घरांत जाणंयेणं होतं, त्याने 1844 मध्ये कझानच्या तातारांवर पुस्तक काढलं, मग तातारांमधलाच विद्वान कायुम नासिरी याने 1880 मध्ये आपल्या लोकांच्या समजुती लिहिल्या, आणि बाश्कीरांबद्दल 20व्या शतकाच्या सुरुवातीला सेर्गेई रुदेन्कोने गावोगाव फिरून लिहिलं. हे सगळं आज आपल्याला कळतं ते अशा लोकांमुळे.

ज्या घरात मुलं लागोपाठ गेली असतील तिथे बाळ 'विकायचे'. सुईण बाळ घेऊन बाहेर जायची आणि खिडकीशी येऊन मूल विकायचंय म्हणून सांगायची, आई आतून पैसे देऊन विकत घ्यायची, म्हणजे मृत्यूला वाटावं की हे त्या घरातलं नाहीच. अशा मुलांना नावंही तशीच, विकत घेतलेला, राहू दे, मरणार नाही, लोखंड. आपल्याकडे दगडू, धोंडू ज्या भीतीतून ठेवत तीच ही भीती. लोखंडाचं नाव तर अजून चालू आहे, तातारस्तानचे पहिले राष्ट्राध्यक्ष मिंतिमेर शायमीव यांच्या नावातला तिमेर तोच. चारातलं नाही तरी सहा-सातातलं एक बाळ जात असेल तरी त्या आयांचं काय होत असेल, हे अशी नावं वाचताना जाणवतं.

दुधाचं मी वर म्हटलंच, पण त्यात अजून एक धागा आहे. आई गेली किंवा तिला दूध नसेल तर गावातली दुसरी बाई पाजायची, आणि मग ती त्या मुलाची दूध-आई, तिची मुलं त्याची दूध-भावंडं, त्यांच्यात लग्न चालत नाही. शरियतचा नियमच आहे हा. त्यामुळे दुसऱ्याच्या बाळाला पाजणं म्हणजे जन्माचं नातं जोडणं, आणि अनाथ तान्ह्याला निदान एक घर हक्काचं मिळायचं.

पाळणा, बिशेक, छताच्या लवचीक दांड्याला टांगलेला. बाश्कीरांकडे बर्चच्या सालीचा हलका पाळणाही असायचा, कारण ते लोक उन्हाळ्यात जनावरं घेऊन कुरणांवर हलायचे आणि वजनदार लाकूड कोण वाहणार. अंगाईगीतांत मुलाने मदरशात जावं, शिकून विद्वान व्हावं असं येतं. शिकण्याची ही ओढ पुढे सुधारकांनी पकडली. रिझाएद्दीन फख्रेद्दीन, जे 1920 च्या दशकात मुफ्ती झाले, त्यांनी 19व्या शतकाच्या अखेरीस आयांसाठी, वडिलांसाठी, मुलांसाठी संगोपनावर छोटी पुस्तकं लिहिली, साध्या तातार भाषेत, आणि ती पुन्हा पुन्हा छापली गेली.

मग 1917 ची रशियन क्रांती आली, आणि तिच्या पाठोपाठ 1921-22 चा दुष्काळ, ज्यात व्होल्गा-उरल पट्टा सगळ्यात जास्त होरपळला. आईच उपाशी तर दूध कुठलं. अमेरिकन मदत संस्थेने कझान आणि उफा भागात मुलांसाठी स्वयंपाकघरं चालवली. त्यानंतर सोव्हिएत आरोग्यखातं खेड्यात पोचलं, प्रसूतिगृहं, नर्स, लसी, कोल्होझची म्हणजे सरकारी सामूहिक शेतांची पाळणाघरं, आणि बाळमृत्यू खरोखर कमी झाले, हे नाकारणं अन्याय होईल. पण त्याच खात्याने सुईणीला अडाणी शत्रू ठरवलं, प्रसूतिगृहात बाळ आईपासून वेगळ्या खोलीत, घड्याळ लावून तीन-साडेतीन तासांनी पाजणं, म्हणजे ज्या समाजात बाळ रडलं की छातीशी घेत होते तिथे रशियातून आलेला टाइमटेबल. आणि कोल्होझच्या बायकांना तर पगारी बाळंतपणाची रजा 1964 च्या कायद्यापर्यंत शहरातल्या कामगार बायकांसारखी नव्हतीच, मग दोन वर्षं पाजणार कशी.

मुल्ला 1930 च्या दशकात तुरुंगात गेले, मशिदी बंद झाल्या, लिपी अरबीची लॅटिन आणि मग सिरिलिक झाली. तेव्हा नाव ठेवायचं काम गावातल्या म्हाताऱ्यांनी आणि अबिस्तायांनी, म्हणजे कुराण शिकवणाऱ्या बायकांनी, दारं लावून चालू ठेवलं. सरकारी कागदावर रेनात, मार्सेल, मराट अशी नवी नावं, पण ती नावंही आधी अजान म्हणून मगच कानात सांगितली जात.

1991 नंतर इसेम कुशू पुन्हा उघडपणे होऊ लागलं, आता ते आणि बाळाचं जेवण बहुतेक एकाच दिवशी उरकतात, बाळ हॉस्पिटलात जन्मतं, नोंद सरकारी ऑफिसात होते आणि मुल्ला सोयीच्या दिवशी घरी येतो. मुंचातलं बाळंतपण गेलं, खिडकीतून विकणं गेलं, पाळणे बरेचसे म्युझियममध्ये गेले. बाळंतिणीकडे डबे घेऊन जाणाऱ्या बायका मात्र खेड्यांत अजून जातात.